बारच्या दारातला मारुती

दारूच्या दुकानांना कॅमेरे बसवणारा माणूस दारूबंदीच्या जिल्ह्यात राहतो, हे कळलं की लोक आधी हसतात आणि मग आवाज खाली घेऊन विचारतात, "म्हंजे नेमकी कुठं कुठं हायेत दुकानं?" मी सिंदी मेघेला राहतो. आमच्या वर्धा जिल्ह्यात दारू विकणं बंद, बाळगणं बंद, पिणंही बंद. म्हणजे ज्या कामात माझा हात बसला, त्या कामाला माझ्या जिल्ह्यात गिऱ्हाईकच नाही. देवळी सोडून पुढे गेलं की नदीचा पूल लागतो आणि तिथे जिल्हा बदलतो. पुलाच्या अलीकडे बाटली सापडली तर गुन्हा, पलीकडे तीच बाटली सरकारचं उत्पन्न. माझा बहुतेक धंदा त्या पुलावरून जाण्यायेण्यात गेला.

मी स्वतः घेत नाही. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, यावर कोणाचा विश्वास नाही. दिवसभर बारच्या माळ्यावर चढून वायरी ओढायच्या म्हटल्यावर कपड्यांना वास लागणारच. संध्याकाळी मी घराकडे वळलो की शेजारी माझ्या चालण्याकडे बघत. एकदा शिडीवरून घसरून पाय मुरगळला आणि मी लंगडत घरी आलो, तर मी चप्पल काढायच्या आत बातमी पसरली होती, "मोहनभाऊची आज जास्त झालेली दिसते." त्यात माझी बायको सुनंदा महिला बचत गटाची अध्यक्ष, आणि गटाचा सगळ्यात आवडता कार्यक्रम म्हणजे हातभट्टी पकडून देणं. नवरा दारूवर नजर ठेवायला जातो आणि बायको दारू पकडायला, अशा घरात आमची पोरं शिकून मोठी झाली. दोघंही आता पुण्यात आहेत आणि आईवडील काय करतात हे कोणी विचारलं की विषय बदलतात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कॅमेरा म्हणजे भिंतीला ठोकला की झालं. तसं नसतं. परवाना मिळतो तो अटींवर, आणि हल्ली त्या अटींत कॅमेरे आले आहेत. गल्ला दिसला पाहिजे, बसायची जागा दिसली पाहिजे, बाहेर उभ्या गाड्यांचे नंबर वाचता आले पाहिजेत. संडासात कॅमेरा असता कामा नये. रेकॉर्डिंग ठरलेल्या मुदतीपर्यंत जपून ठेवायचं, वीज गेली तरी ते बंद पडू द्यायचं नाही, आणि त्यावरचं घड्याळ बरोबर हवं. पण तपासणीला आलेले साहेब सगळ्यात आधी बघतात तो दारावरचा कॅमेरा. कोणीतरी आत आलं एवढं दिसून तिथे भागत नाही. कोण आलं, ते ओळखू आलं पाहिजे. आमच्या भाषेत त्याला चेहऱ्याचा कॅमेरा म्हणतात. तो फार उंच लावला तर नुसती टकलं दिसतात, दार पश्चिमेला असेल तर संध्याकाळी मागच्या उन्हाने माणूस काळा ठिक्कर पडतो. अर्धा हात खाली, जरासा तिरपा, आणि उजेड बघून, अशी ती कला आहे.

ही कला गिऱ्हाइकाला समजावणं हा वेगळा व्याप. एका मालकाने सगळे कॅमेरे वेटरांकडे तोंड करून बसवायला लावले, दाराकडे एकही नाही. "येनारा तं येनारच हाय, त्याले काय पाह्याचं? हे लेकाचे काय करून राह्यले थे पाह्यजे मले," असं त्याचं म्हणणं. दुसऱ्याचं रेकॉर्डिंगचं यंत्र वारंवार बंद पडायला लागलं म्हणून गेलो, तर यंत्र जागेवर नाही. ते गरम होतं म्हणून त्याने बीअरच्या फ्रीजमध्ये ठेवलं होतं, बाटल्यांच्या मधोमध, आणि वर मला म्हणाला की आता कसं गारेगार चालतं. सगळ्यात गुणी गिऱ्हाईक मला मिळालं ते आमच्याच जिल्ह्यात, हिंगणीला. तिथल्या एका वांगी लावणाऱ्या शेतकऱ्याने रानडुकरांसाठी कॅमेरा बसवून घेतला होता. डुकरं सरळ लेन्सकडे बघायची. इतके स्वच्छ चेहरे मला कोणत्याच बारमध्ये मिळाले नाहीत, आणि पुंडलिकभाऊच्या बारमध्ये तर मुळीच नाहीत.

पुंडलिकभाऊचा बार पुलापलीकडे, भर पऱ्हाटीत होता. आधी तो हायवेला लागून होता. हायवेपासून दुकानं लांब न्यायचा हुकूम आला तेव्हा त्याने तो उचलून आपल्याच वावरात आत नेला. चारी बाजूंनी कपाशीची झाडं आणि मधात लाल पाटी. दुरून पाटी बघून वळून धुऱ्याने, म्हणजे शेताच्या बांधावरून, गाडी हाकत माणसं यायची. ही सगळी माणसं आमच्या बाजूची, वर्ध्याची, देवळीची, आजूबाजूच्या खेड्यांची. पुंडलिकभाऊ स्वभावाने गरीब. बाप गेल्यावर परवाना त्याच्या नावावर झाला, दुसरा धंदा त्याला येत नव्हता. उधारीवरून कोणाशी भांडण नाही, कोणाला जास्त झाली तर स्वतः गाडीवर बसवून पुलापर्यंत सोडून यायचा.

त्याचं दुःख निराळंच होतं. आठवड्याच्या बाजाराला तो देवळीला यायचा, आणि बाजारात त्याला कोणी ओळखत नसे. म्हणजे ओळखत सगळेच, पण दाखवत कोणी नसे. आदल्या संध्याकाळी ज्याने त्याच्या खांद्यावर हात टाकून "पुंडलिक, तू माह्या सख्ख्या भावापरीस जास्त हायेस" म्हटलं, तोच दुसऱ्या दिवशी त्याला बघून कांद्याच्या ढिगात तोंड घालायचा. बायको सोबत असली तर विचारूच नका.

"चोरी करतो का मी?" तो मला म्हणायचा. "सरकारले फी भरतो. लायसन भितीवर लावलं हाय. अन् मले पाहून मानूस गल्लीत पयते. काऊन?"

सुनंदा सोबत असली की मीसुद्धा त्याला फक्त मान हलवून दाखवत असे.

तर अशा लाजाळू गिऱ्हाइकांच्या दारात मी चेहऱ्याचा कॅमेरा बसवला होता. काम चोख होतं. अर्धा हात खाली, तिरपा, उजेड बघून. पहिल्या तपासणीला साहेब आले, खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले आणि थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "इथे रोज दरोडा पडतो का?"

कारण पडद्यावर एकामागून एक येत होते ते डोळ्यांपर्यंत दुपट्टे बांधलेले इसम. दुपट्टा नाही त्याच्या डोक्यावर हेल्मेट. ज्या भागात हेल्मेट घाला म्हणून पोलीस थकले, तिथले लोक पुंडलिकभाऊच्या दारात हेल्मेट घालून, काच खाली ओढून, पायी आत शिरत होते. आत जाऊन पार्टिशनच्या मागे बसल्यावरच ते दुपट्टा सोडत.

"गिऱ्हाईकं हायेत साहेब," पुंडलिकभाऊ म्हणाला. "वर्ध्याकडचे हायेत. लाजतात."

"मला त्यांचे चेहरे दिसले पाहिजेत."

"कॅमेरा एक नंबर आहे साहेब," मी म्हटलं. माझ्या कामावर बोट आलेलं मला खपत नाही.

"कॅमेरा असेल हो. चेहरा कुठाय?"

पुढच्या तपासणीपर्यंत चेहरे दिसले नाहीत तर परवान्याचं नूतनीकरण थांबवीन, असं स्वच्छ सांगून साहेब गेले. पुंडलिकभाऊ रात्रभर झोपला नाही म्हणे. मलाही चैन पडेना. माझ्या बसवलेल्या कॅमेऱ्यापायी परवाना गेला असं झालं असतं तर मला कोणी दारात उभं केलं नसतं.

आम्ही आधी पाटी लावली, "कृपया चेहरा उघडा ठेवावा". ती वाचून निम्मे लोक दारातून परत फिरले. एक बहाद्दर पाठमोरा आत आला. मग मी धंद्यातली एक युक्ती काढली. कॅमेऱ्याच्या खाली आरसा लावायचा, माणूस आरशात बघितल्याशिवाय पुढे जात नाही. लोकांनी बघितलं की आरशात. थांबून, नीट बघून, दुपट्ट्याची सुटलेली गाठ पक्की केली आणि आत गेले.

मारुतीची कल्पना मला वर्ध्याच्या एका सराफाच्या दुकानात सुचली. तिथे मी जुनं रेकॉर्डिंग तपासत होतो. माझ्या लक्षात आलं की प्रत्येक गिऱ्हाइकाचा सगळ्यात चांगला चेहरा एकाच ठिकाणी मिळतो आहे. दारासमोरच्या देवाच्या तसबिरीपाशी माणूस थांबतो, टोपी काढतो, मान वर करतो, हात जोडतो. पासपोर्टच्या फोटोलासुद्धा लोक इतके सरळ उभे राहत नाहीत. मी तसाच गाडी काढून पुंडलिकभाऊकडे गेलो आणि आरशाच्या जागी, दाराला लागून बाहेरच्या भिंतीवर, मारुतीची तसबीर ठोकली. लेन्स बरोबर तिच्या वरच्या कडेला.

पहिले आले ते देवळीचे वामन गुरुजी. हे निवृत्त शिक्षक, आणि पुंडलिकभाऊचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. नेहमीप्रमाणे हेल्मेट, आत दुपट्टा, वर गॉगल. दारात पाय ठेवला आणि समोर मारुती बघून जागच्या जागी थबकले. हेल्मेट काढलं, गॉगल काढला, दुपट्टा सोडला. चपला काढल्या. मान वर करून, डोळे उघडे ठेवून हात जोडले आणि पुटपुटले, "माफ करजो बावा, आलोच." मग सगळी सामग्री काखेत मारून आत गेले. मी आणि पुंडलिकभाऊ आतल्या पडद्यावर बघत होतो. गुरुजींच्या भुवईतला पांढरा केस मोजता आला असता. पुंडलिकभाऊने मला मिठी मारली.

इथवर सगळं बरं चाललं होतं. पण देव दिसला की आपल्याकडचा माणूस नुसता हात जोडून थांबत नाही. पहिल्याच शनिवारी तसबिरीला रुईच्या पानांचा हार पडला. मग उदबत्ती लागली, आणि लेन्सवर काजळी धरू लागली. मग कोणी तेल आणलं. मी लेन्स पुसून परत येतो तोवर दुसरा भक्त नारळ फोडून मोकळा, आणि नारळाचं पाणी थेट कॅमेऱ्यावर. दारूच्या दुकानात दारू सोडून सगळ्या द्रवांनी माझा कॅमेरा न्हाला. आणि अशातच गुरुजींच्या मुलीचं लग्न जमलं. गुरुजींनी बाहेर निघताना मारुतीला साकडं घातलं होतं, त्यामुळे श्रेय कोणाचं याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. त्यांनी नदीतून एक चांगला गोटा निवडला, स्कूटरवर पायाशी ठेवून आणला, शेंदूर फासला आणि तसबिरीखाली मातीत बसवला.

तसबीर काढून दुसरीकडे लावता येते. शेंदूर लावलेला दगड एकदा बसला की बसला. तो हलवायचा विचारही आमच्याकडे कोणी मोठ्याने करत नाही. पुंडलिकभाऊने त्याच्यावर पत्र्याचं छप्पर घातलं, आणि बारच्या दारात देऊळ उभं राहिलं.

यानंतर पुलाच्या अलीकडे भक्तीला पूर आला. "मारुतीले जाऊन येतो" म्हणून माणसं घरून उघडपणे निघू लागली. आधी शनिवारी, मग मंगळवारीही, मग वार बघणंच बंद झालं. येताना नारळाचा तुकडा आणि कपाळाला शेंदूर घेऊन परतायची, घरी बायका खूश. तोंडाला वास येई त्याबद्दल काय सांगत ते मला माहीत नाही. चेहऱ्यांचं विचाराल तर एकेक चेहरा उजळ, भक्तिभावाने भरलेला. तपासणीची आम्ही वाट बघू लागलो.

पण मला सांगायचंय ते पुंडलिकभाऊचं. एकदा मी लेन्स पुसायला गेलो तर तो गल्ल्यावर बसून एकटाच हसत होता. देवळीच्या बाजारात गुरुजींच्या बायकोने, वत्सलाबाईंनी, त्याला थांबवलं होतं. भर बाजारात, सगळ्यांसमोर. "तुमीच का थे मारुतीवाले?" असं विचारून त्यांनी हात जोडले होते आणि आपल्या पिशवीतली मेथीची जुडी बळेच त्याच्या पिशवीत टाकली होती.

"मारुतीवाले म्हनलं मले, मोहनभाऊ," तो म्हणाला. "बारवाले नाई म्हनलं." त्या मेथीची भाजी त्याने घरी करू दिली नव्हती, ती गल्ल्यावर तशीच सुकत पडली होती.

दुसऱ्या तपासणीला साहेब आले ते नेमके शनिवारी, भर दुपारी. मी आधीच जाऊन बसलो होतो. आत गुरुजींसकट बरीच मंडळी होती. साहेबांनी रेकॉर्डिंग बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "याला म्हणतात काम," ते मला म्हणाले. मग पुढचा चेहरा आला तो त्यांचा स्वतःचा. आत येताना त्यांनीही टोपी काढून हात जोडले होते. ते पडद्याकडे बघत राहिले, मग उठून दारात गेले, आणि परत आले तेव्हा त्यांचा सूर बदललेला होता.

"हे देऊळ आहे."

"तसबीर हाय साहेब," पुंडलिकभाऊ म्हणाला.

"आणि तो दगड? आणि छप्पर? अहो, देवळापासून दारूचं दुकान ठराविक अंतरावर लागतं. तुमचं अंतर किती आहे माहीत आहे का? देवळाचं दार तेच बारचं दार! मी सही कशी करू?"

साहेब माणूस चांगला. थोडा विचार करून त्यांनी तोड काढली. दगड उचला, वावराच्या टोकाला नेऊन ठेवा, आत्ता माझ्यासमोर, मी सगळं ठीक आहे म्हणून लिहून टाकतो. सगळ्यांनी गुरुजींकडे बघितलं.

"बसवाचं काम माहं होतं, थे केलं," गुरुजी म्हणाले. "उचलाचं माह्या हातून होनार नाई. अन् आता तं मी घेतलेली हाय. घेतलेल्या हातानं देवाले हात लावू का?"

हे कारण इतकं बिनतोड होतं की ज्यांची अजून सुरुवात व्हायची होती त्यांनी घाईघाईने एकेक घोट घेतला. न घेतलेले उरलो आम्ही तिघं. साहेब म्हणाले, मी ड्युटीवर आहे. मी म्हटलं, माझं कंत्राट कॅमेऱ्यापुरतं आहे. उरला पुंडलिकभाऊ, आणि तो काही बोलायच्या आत बाहेर टेम्पोचा आवाज आला.

पडद्यावर बघितलं तर टेम्पोतून बायका उतरत होत्या. सगळ्यात पुढे आरतीचं ताट घेतलेली माझी बायको. ती बरेच दिवस म्हणत होती की नवऱ्यांना पावणारा मारुती आपणही बघून येऊ, पण हाच शनिवार निवडील हे मला माहीत नव्हतं. तिच्या मागे वत्सलाबाई आणि सगळा बचत गट. देवळाशेजारी बार आहे हे त्यांनी ऐकलं होतं, त्यात त्यांना विशेष वाटलं नव्हतं. कुठे नसतो!

बारला दुसरं दार नव्हतं. जे लोक इतके दिवस कॅमेऱ्याला तोंड चुकवत होते, ते आता पडद्याभोवती एकमेकांच्या खांद्यावर हनुवट्या टेकवून उभे राहिले. "माही हाय का थ्याच्यात?" "त्या लाल साडीच्या मांगं पाय." "आली बाप्पा, माही बी आली." साहेबांनी टोपी काढून खिशात कोंबली. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तर तपासणीला आलात. "बारमधून बाहेर पडणाऱ्या माणसाचं हे कोणी ऐकतं का?" ते म्हणाले. आमच्याच लेआउटच्या मागे राहतात ते, टेम्पोत त्यांच्या गल्लीतल्याही बायका होत्या.

बाहेर आरती सुरू झाली. आत सगळ्यांनी नकळत टाळ्यांचा ठेका धरला, मग भानावर येऊन थांबवला. आरती संपली, प्रसाद वाटला, आता जातील असं वाटत असताना सुनंदाने मान वर केली आणि थेट लेन्समध्ये बघितलं. कॅमेरेवाल्याची बायको आहे ती. जिथे कॅमेरा तिथे पडदा असतो आणि पडद्यासमोर कोणीतरी असतं, हे तिला कोणी सांगायला नको. तिचे ओठ हलले. त्या कॅमेऱ्यात आवाज नव्हता.

"काय म्हनून राह्यल्या वहिनी?" गुरुजींनी कुजबुजत विचारलं.

संसारात एवढी वर्षं काढल्यावर आवाज लागत नाही. "बाहेर या म्हणते आहे," मी म्हटलं.

आधी मी गेलो, माझ्यामागे मान खाली घालून सगळे. दुपट्टे बांधायला वेळ नव्हता आणि आता अर्थही नव्हता. वत्सलाबाईंनी हातातला प्रसाद तसाच धरून गुरुजींकडे बघितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"देव तं बाहेर हाय," त्या म्हणाल्या. "मंग तुमी आतून कसे आले?"

गुरुजींनी उभ्या आयुष्यात पोरांना हजारो प्रश्न विचारले असतील. हा एक ऐकून ते वाकून चपला शोधू लागले.

साहेबांनी परिस्थिती सांभाळायला सगळा नियम बायकांना समजावून सांगितला. देऊळ आणि दुकान एका जागी राहू शकत नाही, म्हणून दगड हलवायचं चाललं आहे.

"दगड काऊन हलवाचा?" सुनंदा म्हणाली. "दुकान हलवा."

"कायद्याने दोन्ही चालतं," साहेब म्हणाले. "मालकाने ठरवायचं."

मग सगळे पुंडलिकभाऊकडे बघू लागले. हायवेवरून एकदा त्याने दुकान हलवलं होतं तेव्हाच तो अर्धा मोडला होता, पुन्हा बांधायची ऐपत नव्हती. दुकान हलवणं म्हणजे बंद करणं, हे त्याला, मला आणि गुरुजींना ठाऊक होतं. तो छपराखाली वाकला. त्याने दगडाला दोन्ही हात लावले. हात शेंदराने लाल झाले. मला वाटलं उचलतो आता, आणि खरं सांगतो, मनातून मला वाटत होतं की त्याने उचलावा. पोट भरायचं होतं बिचाऱ्याला.

"मारुतीवाले," वत्सलाबाई म्हणाल्या. "थांबा जरा. सकायपासून उपाशी असान. आधी परसाद घ्या."

त्यांना त्याला अडवायचं नव्हतं. प्रसाद सगळ्यांना दिला, हा राहिला, एवढंच. पुंडलिकभाऊने लाल हात तसेच पुढे केले. खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत उभा राहिला. मग साहेबांना म्हणाला, "लिहा साहेब. दुकान बंद."

त्या दिवशीचं रेकॉर्डिंग मी पुढे बघितलं. दाराच्या कॅमेऱ्यात त्याचा चेहरा मी तोवर कधी बघितलाच नव्हता, मालक कायम पडद्याच्या अलीकडे, गल्ल्यावर. त्या दुपारी मात्र तो आला होता, सरळ, उघडा, सगळ्या अटी पूर्ण करणारा. मला तो फार वेळ बघवला नाही.

बार उठला. मी कॅमेरे काढायला गेलो तेव्हा त्याने एक राहू द्या म्हटलं, मारुतीवरचा. त्याने तिथे चहा आणि नारळाचं दुकान टाकलं. शनिवारी गर्दी होईल या हिशेबाने बाकडीही करून घेतली. पहिल्या शनिवारी कोणी आलं नाही. त्याला वाटलं लोक लाजत असतील. पण भक्तगण तोवर त्याच रस्त्याने आणखी पुढे, दुसऱ्या बारला जाऊ लागला होता, आणि मारुती आडवाटेला पडत होता. बचत गट एकदा टेम्पो करून आला, मग त्यांनाही दुसऱ्या गावची हातभट्टी लागली. मुलीचं लग्न पार पडल्यावर गुरुजीही फिरकले नाहीत.

परवा मी सहज लेन्स पुसायला गेलो. पुसण्यासारखं काही नव्हतं, उदबत्ती आता एकच लागते. पुंडलिकभाऊने चहा केला, दोघं बाकड्यावर बसलो. मी विचारलं, बाजाराला जातो का हल्ली? जातो म्हणाला. गुरुजी भेटले होते, बायकोसोबत होते, लांबून हाक मारून आले, सगळ्यांसमोर हात हातात घेतला, रामराम पुंडलिकराव म्हणाले. कांदेवाल्यापाशी उभे होते तेही सगळे बोलले. कोणी तोंड फिरवलं नाही.

मला ऐकून बरं वाटलं, तसं मी त्याला म्हटलं.

"हो ना," तो म्हणाला, आणि समोरच्या रिकाम्या धुऱ्याकडे बघत राहिला. "आता सारे वळखतेत मले, मोहनभाऊ. पन येत कोनी नाई."